पहिली आज्ञा

गणकयंत्रास वीज मिळाली, तरी कोठून प्रारंभ करावा हे त्याला आपोआप सुचत नाही. पहिली आज्ञा कोणीतरी द्यावीच लागते. 1965 च्या अमेरिकन पीडीपी-8 यंत्रावर ती माणसाची बोटे देत. पुढच्या फलकावरील बारा खटके वरखाली करून एकेक आज्ञा स्मृतीत घालावयाची. दीडएक डझन आज्ञा झाल्या, की यंत्र कागदी फीत वाचू लागे आणि पुढचे सारे तीवरून घेई. एखादा खटका चुकला, की पुन्हा श्रीगणेशा!

पुढे ही आज्ञा कारखान्यातच कोरली जाऊ लागली. सोय झाली खरी. पण तीत काय लिहिले आहे, हे यंत्राच्या धन्यासच कळेनासे झाले.

चंदीगडलगत मोहाली येथील सेमीकंडक्टर प्रयोगशाळेचे महत्त्व येथे ध्यानी येते. 1989 च्या आगीत होरपळलेला हा कारखाना पुन्हा उभा राहिला, आणि 2018 मध्ये मद्रासच्या आय.आय.टी.ने रचलेला ‘शक्ती’ प्रक्रियक तेथे घडला. आज्ञा त्यातही कोरलेलीच. मात्र आराखडा खुला असल्यामुळे ती वाचता येते, घडविण्यापूर्वी बदलताही येते. ‘इस्रो’साठी तेथेच घडलेली ‘आयरिस’ ही चिप 2025 मध्ये चेन्नईत प्रथम सुरू झाली.