सोळा दिवसांची अट: फिजिओथेरपीतील दूरस्थ देखरेखीच्या बिलाचा इतिहास

अमेरिकेतील मेडिकेअर ही वृद्धांसाठीची सरकारी विमा योजना. घरी व्यायाम करणाऱ्या रुग्णावर दुरून लक्ष ठेवण्याचे वेगळे पैसे ही योजना फिजिओथेरपिस्टला देऊ लागली, ती १ जानेवारी २०२२ पासून. थोड्या दिवसांच्या देखरेखीचे पैसे मिळायला मात्र आणखी चार वर्षे गेली. हा उशीर यंत्रांमुळे झाला नाही. नोंदी ठेवणारी ॲप आधीपासूनच होती. अडले होते ते बिलाच्या कोडपाशी.

तिथे बिल म्हणजे आकड्यांची यादी. प्रत्येक सेवेला पाच अंकी क्रमांक असतो आणि ज्या सेवेला क्रमांक नाही, तिचे पैसे सहसा मिळत नाहीत. हे क्रमांक ‘सीपीटी’ या संहितेत असतात. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने ती १९६६ मध्ये, मेडिकेअरच्या कायद्यानंतर वर्षभराने, पहिल्यांदा छापली. १९८३ मध्ये सरकारने मेडिकेअरच्या डॉक्टरी बिलांसाठी ती स्वीकारली आणि एका खासगी संघटनेची संहिता देशभरच्या दवाखान्यांची हिशेबाची भाषा बनली.

या भाषेत फिजिओथेरपीची किंमत मिनिटांवर ठरली. ९७११० हा व्यायाम करून घेण्याचा कोड पंधरा मिनिटांचा. आठ मिनिटे भरली तर एक एकक धरायचे, सात भरली तर काही नाही, असा मेडिकेअरचा दंडक. ही मिनिटे समोरासमोरची. रुग्ण दवाखान्यातून बाहेर पडला की घड्याळ थांबे. वास्तविक गुडघा किंवा खांदा सुधारतो तो बराचसा घरी नियमित केलेल्या व्यायामाने. पण त्या भागावर थेरपिस्टचे नियंत्रण म्हणजे चित्रे काढलेला एक कागद आणि पुढच्या भेटीत विचारलेला प्रश्न, ‘व्यायाम झाले का?’ उत्तर बहुधा ‘हो’ असेच येई.

दूरस्थ देखरेखीला पैसे देण्याची सुरुवात फिजिओथेरपीत झाली नाही. २०१८ मध्ये मेडिकेअरने ९९०९१ या जुन्या कोडचे स्वतंत्र पैसे देणे सुरू केले. २०१९ मध्ये ९९४५३, ९९४५४ आणि ९९४५७ हे तीन नवे कोड आले, २०२० मध्ये चौथा, ९९४५८. यंत्र लावून रुग्णाला ते शिकवणे, यंत्र पुरवणे, आणि आलेल्या आकड्यांवरून उपचार सांभाळणे, अशी ही विभागणी. डोळ्यांसमोर रुग्ण होता तो रक्तदाबाचा, मधुमेहाचा, हृदयविकाराचा. यंत्र होते ते रक्तदाबाचे किंवा वजनाचे, आकडे आपोआप पाठवणारे. तीस दिवसांपैकी किमान सोळा दिवस नोंद हवी, ही अट इथली. दीर्घ आजारात ती वावगी नव्हती. रक्तदाब आठवड्यातून एकदा मोजून काय कळणार?

फिजिओथेरपिस्टना या दालनात प्रवेशच नव्हता. हे कोड डॉक्टरांच्या तपासणी आणि उपचार-नियोजन या गटात बसवले होते आणि त्या गटातील सेवांचे बिल करण्याचा अधिकार फिजिओथेरपिस्टला नाही. २०२१ च्या नियमावलीत मेडिकेअरने हे स्पष्टच केले.

दरम्यान कोविड आला. दवाखाने ओस पडले, व्हिडिओवरून फिजिओथेरपी देण्याला २०२० मध्ये तात्पुरती मुभा मिळाली. त्याच काळात कोविडच्या निश्चित किंवा संशयित रुग्णांपुरती सोळा दिवसांची अट दोन दिवसांवर आणली गेली, कारण आठवड्याभरात बऱ्या होणाऱ्या माणसाकडून सोळा दिवसांची नोंद मागण्यात अर्थ नव्हता. मे २०२३ मध्ये कोविडची आरोग्य आणीबाणी संपली, तशी ही सवलतही संपली. थोडक्या दिवसांच्या देखरेखीलाही मोल असते, हे सरकारने एकदा मान्य केले होते. 

२०२२ मध्ये आलेला कोडांचा संच ‘रिमोट थेरप्युटिक मॉनिटरिंग’ या नावाचा. ९८९७५ हा रुग्णाला ॲप लावून देण्याचा आणि शिकवण्याचा. ९८९७७ हा स्नायू, हाडे आणि सांधे यांच्यासाठी उपकरण पुरवण्याचा. ९८९८० महिन्यातील पहिल्या वीस मिनिटांच्या कामाचा, ज्यात रुग्णाशी एकदा तरी प्रत्यक्ष बोलणे व्हायला हवे. ९८९८१ पुढच्या प्रत्येक वीस मिनिटांचा. श्वसनाच्या उपकरणासाठी ९८९७६ वेगळा. हे कोड सर्वसाधारण वैद्यकीय गटातले, म्हणून फिजिओथेरपिस्टला खुले. मोजायचे तेही बदलले. रक्तदाबाऐवजी व्यायाम किती झाला, दुखणे किती आहे, उपचाराला प्रतिसाद कसा आहे, हे टिपायचे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या व्याख्येत बसणारे सॉफ्टवेअरही उपकरण ठरले आणि रुग्णाने स्वतः भरलेली माहितीही चालू लागली. पहिल्या वर्षीचे राष्ट्रीय दर साधारण असे: ॲप लावून देण्याचे १९ डॉलर, उपकरणाचे ५६, पहिल्या वीस मिनिटांचे ५०, पुढच्या वीस मिनिटांचे ४१. यातला पाचवा हिस्सा नेहमीप्रमाणे रुग्णाच्या माथी.

सगळे नवे, पण सोळा दिवसांची अट जुनीच, रक्तदाबाकडून गुडघ्याकडे जशीच्या तशी आलेली. इथेच घोळ झाला. स्नायू बळकट करण्याचे व्यायाम बरेचदा आठवड्यातून तीनदा सांगितले जातात, मधले दिवस विश्रांतीचे. सांगितलेले सगळे इमानेइतबारे करून दर वेळी ॲपमध्ये खूण करणाऱ्या रुग्णाचे तीस दिवसांत भरतात तेरा दिवस. उपकरणाचे बिल शून्य. पाय मुरगळलेला, दोन आठवड्यांत बरा होऊन गेलेला रुग्णही असाच निसटे. शेवटी काही ठिकाणी विश्रांतीच्या दिवशीही रुग्णाला ‘आज दुखणे किती?’ एवढे नोंदवायला सांगणे सुरू झाले. त्याचा उपचाराला काही उपयोग असेलही, पण मूळ प्रेरणा हिशेबाचीच.

त्यात दोन कालगणना. उपकरणाचे तीस दिवस पहिल्या दिवसापासून मोजायचे, थेरपिस्टची मिनिटे मात्र इंग्रजी महिन्याप्रमाणे. १० मार्चला ॲप सुरू केले तर उपकरणाची मुदत ८ एप्रिलला संपते. मिनिटांचा हिशेब ३१ मार्चला बंद होऊन १ एप्रिलला नव्याने सुरू होतो. मार्चमध्ये पंधरा आणि एप्रिलमध्ये पंधरा मिनिटे दिली, तर अर्धा तास काम करूनही ९८९८० लागत नाही. अमेरिकी दवाखान्यांच्या बिलांचे काम करणारी कार्यालये पुण्यात आणि नवी मुंबईतही आहेत. दर जानेवारीत बदलणारे हे नियम तिथल्या कोडिंग करणाऱ्यांनाही नव्याने घोकावे लागतात.

देखरेखीवर देखरेख कुणाची, हाही प्रश्न होता. खासगी दवाखान्यात सहायकाने काम केले तर थेरपिस्ट त्याच जागेत हजर हवा, असा नियम होता. रुग्ण घरी, माहिती पडद्यावर, तरी थेरपिस्ट शेजारच्या खोलीत बसलेला हवा! २०२४ मध्ये या कोडपुरती ही सक्ती गेली, २०२५ मध्ये खासगी दवाखान्यातील सगळ्याच कामांसाठी गेली. सहायकाच्या कामाला दर ८५ टक्केच, ही २०२२ पासूनची कपात मात्र राहिली.

२०२४ च्या नियमावलीत आणखी दोन गोष्टी सुटल्या. मसुद्यात सोळा दिवसांची अट मिनिटांच्या कोडांनाही लावल्यासारखी भाषा होती; आक्षेप आल्यावर ती फक्त ॲप लावण्याच्या आणि उपकरणाच्या कोडांना आहे, असा खुलासा झाला. दुसरी बाब शस्त्रक्रियेनंतरची. गुडघा बदलल्यानंतरच्या नव्वद दिवसांची देखभाल शल्यविशारदाच्या एकत्रित रकमेत धरलेली असते. ती रक्कम फिजिओथेरपिस्टला मिळत नसल्यामुळे त्याला या काळातही दूरस्थ देखरेखीचे वेगळे बिल करता येते, हे नक्की झाले. अल्पकालीन देखरेखीची खरी गरज असते ती याच दिवसांत.

अट सैल करण्याविरुद्धची भीती अगदीच पोकळ नव्हती. सप्टेंबर २०२४ मध्ये आरोग्य खात्याच्या महानिरीक्षकांचा अहवाल आला. तो डॉक्टरांच्या दूरस्थ देखरेखीबद्दल होता: यंत्र लावणे, पुरवणे आणि उपचार सांभाळणे या तीनपैकी एक तरी गोष्ट सुमारे ४३ टक्के लाभार्थ्यांना मिळालेली नव्हती. म्हणजे काहींच्या बाबतीत यंत्राचे पैसे गेले, पण आकडे कुणी पाहिले की नाही याचा पत्ता नाही. पण सोळा दिवसांचा नियम असतानाच हे घडले होते. दिवस मोजल्याने गैरवापर थांबत नाही. थांबतो तो प्रामाणिक पण छोटा उपचार.

त्याच महिन्यात सीपीटीच्या संपादक मंडळाने नवे कोड मंजूर केले आणि २०२६ च्या दरपत्रकात मेडिकेअरने ते स्वीकारले. १ जानेवारी २०२६ पासून तीस दिवसांत दोन ते पंधरा दिवसांची नोंद असेल तर सांध्या-स्नायूंसाठी ९८९८५, श्वसनासाठी ९८९८४. सोळा ते तीस दिवसांसाठी ९८९७७ आणि ९८९७६ पूर्वीप्रमाणेच. मिनिटांचाही उंबरठा खाली आला: दहा मिनिटांच्या कामाला ९८९७९, किंमत वीस मिनिटांच्या कोडच्या सुमारे निम्मी, आणि एकाच महिन्यात दोन्ही लावता येत नाहीत. रुग्णाशी एकदा प्रत्यक्ष बोलण्याची अट याही कोडला आहे. तेरा दिवस खूण करणाऱ्या त्या रुग्णाचे उपकरणाचे बिल आता होते; एकाच दिवसाची नोंद करून थांबलेल्याचे अजूनही होत नाही.