तीन साचे, एक विणकर : १९२८ चा मुंबईचा गिरणी संप आणि कामगारकपातीचा प्रश्न

१/ २६ एप्रिल १९२८ पर्यंत मुंबईतील बहुतेक सर्व कापडगिरण्या बंद पडल्या. सुमारे दीड लाख कामगार बाहेर आले आणि पाच महिने उलटले तरी परतले नाहीत. संप म्हटला की पगारवाढ आठवते. या संपाच्या मुळाशी मात्र वेगळा प्रश्न होता : एका माणसाकडून दीडपट-दुप्पट काम करून घेऊन दुसऱ्याला घरी पाठवायचे, हे ठरवण्याचा अधिकार कोणाचा?

२/ पार्श्वभूमी थोडक्यात. पहिल्या महायुद्धाच्या काळात आणि त्यानंतरच्या काही वर्षांत गिरण्यांनी भरघोस नफा कमावला. पुढे मंदी आली, जपानी कापड स्वस्तात येऊ लागले. १९२५ मध्ये मालकांनी पगारात साडेअकरा टक्के कपात जाहीर केली. कामगारांनी मोठा संप केला, सरकारने कापडावरील साडेतीन टक्क्यांची अबकारी जकात उठवली आणि कपात मागे घ्यावी लागली.

३/ सरळ पगारकपात अंगाशी येते, हा धडा मालकांनी घेतला. १९२७ मध्ये टॅरिफ बोर्डाच्या अहवालानेही पगार कापण्याऐवजी कार्यक्षमता वाढवण्याकडे बोट दाखवले. त्याच वर्षी ससून समूहाच्या गिरण्यांत नवी पद्धत सुरू झाली. कागदोपत्री तिचे नाव ‘रॅशनलायझेशन’. कामगारांच्या दृष्टीने तिचा अर्थ सरळ होता : माणसे कमी, काम जास्त.

४/ तोवर मुंबईचा विणकर सहसा दोन साचे सांभाळत असे. आता त्याने तीन सांभाळावेत. कताई खात्यात एक कामगार यंत्राची एक बाजू पाहत असे. आता त्याने दोन्ही बाजू पाहाव्यात. मोबदल्यात काही वाढ मिळणार होती. पण तीन विणकरांचे सहा साचे दोघांकडे गेले की तिसऱ्याचे काय? दोघांच्या ताटात चार घास जास्त पडत होते, पण तिसऱ्याचे ताटच उचलले जात होते.

५/ मालकांचा युक्तिवाद असा : जपानमध्ये एक कामगार याहून कितीतरी अधिक साचे चालवतो, मग मुंबईत का नाही? कामगारांचे उत्तर कारखान्याच्या अनुभवातून आलेले होते. कापूस हलका असेल, सूत कच्चे असेल, यंत्र जुने असेल, तर धागा वारंवार तुटतो. तिसऱ्या साच्याकडे धावणाऱ्या विणकराच्या पहिल्या साच्यावर कापड खराब होते. आणि खराब कापडाची किंमत वळती होते ती विणकराच्याच पगारातून.

६/ कामगारांना लेखी आधारही फारसा नव्हता. एकाच प्रतीच्या कापडाला दोन गिरण्यांत दोन दर असत. भरती आणि बडतर्फी बहुतांशी जॉबरच्या हाती होती आणि नोकरी टिकवण्यासाठी त्याला दस्तुरी द्यावी लागे. ‘बदली’ कामगार रोज सकाळी दारात उभा राही. काम मिळाले तर त्या दिवसाची भाकरी. अशा व्यवस्थेत कपात आली की कोण जाणार, हे नियम ठरवत नसे, मर्जी ठरवत असे.

७/ म्हणूनच संप समितीच्या १७ मागण्यांकडे बारकाईने पाहावे लागते. दर कमी करू नयेत ही मागणी होतीच. तिच्या जोडीला आणखी एक सूत्र होते : कामाच्या अटींत बदल करायचा असेल, तर आधी कामगारांच्या प्रतिनिधींशी बोला. यंत्र बदलू नका, असा हा हट्ट नव्हता. ‘आम्हाला विचारल्याशिवाय आमचे आयुष्य बदलू नका’, असे हे म्हणणे होते.

८/ संपाचे नेतृत्व एकरंगी नव्हते. ना. म. जोशी मवाळ, सनदशीर मार्गाचे. सार्वत्रिक संपाला त्यांचा प्रारंभी विरोध होता. डांगे, मिरजकर, निंबकर, जोगळेकर हे तरुण कम्युनिस्ट. त्यांच्यासोबत अर्जुन आळवे आणि कासले यांच्यासारखे प्रत्यक्ष गिरणीत राबलेले पुढारी. मे महिन्यात संयुक्त संप समिती झाली आणि त्याच महिन्यात गिरणी कामगार युनियन जन्मली. अवघ्या काही शे सभासदांपासून सुरू झालेली ही संघटना वर्षअखेरीस ५० हजारांच्या पुढे गेली.

९/ पाच महिने दीड लाख कुटुंबांनी तग कसा धरला? पुष्कळ कामगार रत्नागिरी, सातारा, पुणे जिल्ह्यांतील आपल्या गावी परतले. पावसाळ्यात शेतीला हात लागले. जे मुंबईत राहिले, ते वाण्याच्या उधारीवर, खानावळवालीच्या भरवशावर आणि संप समितीच्या धान्यवाटपावर जगले. परदेशांतील कामगारांकडून, त्यात सोव्हिएत रशियातील कापड कामगारांकडूनही, मदत आली. गिरणगाव आणि कोकणातला गाव हे एकाच संसाराचे दोन खांब होते, हे या संपाने दाखवून दिले.

१०/ याच वेळी न्यायाचा प्रश्न कामगारांच्या आतूनही उभा राहिला. विणाई खात्यात पगार अधिक, पण तेथे अस्पृश्य कामगारांना प्रवेश नव्हता. कारण? धोट्यातून धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि सवर्ण विणकरांना त्यात विटाळ वाटे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संपनेत्यांना बजावले : हा अन्याय दूर करण्याची मागणी संपाच्या मागण्यांत घ्या, नाहीतर अस्पृश्य कामगारांना संपापासून दूर राहण्यास सांगावे लागेल.

११/ नेत्यांनी ही मागणी नाखुशीने का होईना, स्वीकारली. मालकांनी हात झटकले : ही बंदी आम्ही घातलेली नाही. ते खोटेही नव्हते. मालकाकडे समान वागणूक मागणाऱ्याने शेजारच्या कामगाराला ती दिली आहे का, हा आंबेडकरांचा प्रश्न त्या संपातील सर्वांत अवघड प्रश्न होता. त्याचे उत्तर कोणत्याही करारात मिळणार नव्हते.

१२/ संपादरम्यान मालकांनी दरांच्या प्रमाणीकरणाची योजना पुढे केली. सर्व गिरण्यांत समान दर, ही कामगारांचीच इच्छा होती. पण या योजनेत विणकरांच्या पगारात साडेसात टक्के घट दडलेली होती. अखेर सरकारच्या मध्यस्थीने ६ ऑक्टोबर १९२८ रोजी संप मिटला. न्या. फॉसेट यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमावी आणि तोवर मुख्यतः मार्च १९२७ च्या दरांनी काम सुरू व्हावे, असे ठरले. दोन कोटींहून अधिक कामाचे दिवस बुडाले होते.

१३/ मार्च १९२९ मध्ये फॉसेट समितीचा अहवाल आला. तिने नवी पद्धत तत्त्वतः नाकारली नाही. मात्र या पद्धतीमुळे जे बेकार होतील त्यांना काही रक्कम मिळावी, असा विचार तिने मांडला. कपातीत गेलेल्या माणसाचे देणे लागते, ही कल्पना आता अधिकृत कागदावर आली होती. ती प्रत्यक्षात मात्र उतरली नाही.

१४/ कारण त्याच महिन्यात, २० मार्च रोजी, मीरत कटाच्या आरोपाखाली युनियनचे प्रमुख नेते पकडले गेले. एप्रिलमध्ये, युनियनच्या कार्यकर्त्यांना कामावरून काढण्याच्या प्रश्नावर, पुन्हा सार्वत्रिक संप झाला आणि तो फसला. युनियनचे कंबरडे मोडले. १९२८ ची कमाई वर्षभरही टिकली नाही, असे तेव्हा वाटले असेल.

१५/ तरीही प्रश्न मेला नाही. १९३८ च्या मुंबईच्या कायद्याने बदलाआधी नोटीस देण्याची सक्ती मालकांवर आली, पण संपाच्या हक्कावरही बंधने आली. त्याविरुद्ध ७ नोव्हेंबर १९३८ रोजी झालेल्या एकदिवसीय संपात डांगे आणि आंबेडकर एकाच बाजूला उभे होते. धोट्याच्या वादानंतर बरोबर दहा वर्षांनी.

१६/ १९५३ मध्ये औद्योगिक विवाद कायद्यात कामगारकपातीचे प्रकरण आले : एक महिन्याची नोटीस किंवा तिच्याऐवजी पगार, सेवेच्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार आणि सर्वसाधारणपणे ‘शेवटी आला तो आधी गेला’ हा क्रम. जॉबरच्या मर्जीच्या जागी नियम आला. १९५६ च्या दुरुस्तीने बदलाची पूर्वसूचना बंधनकारक झाली. ज्या बाबींसाठी ती लागू झाली, त्यांत कपातीला कारण ठरू शकणारे ‘रॅशनलायझेशन’ नावानिशी नोंदले होते.

१७/ कायद्याने नोकऱ्या वाचल्याच असे नाही. १९८२ च्या संपानंतरचे गिरणगाव त्याची साक्ष देते. पण कामावरून कमी होणाऱ्या माणसाला आधी सांगावे, क्रम पाळावा, त्याचे देणे द्यावे, हे आज हक्क म्हणून मागता येते. १९२८ च्या एप्रिलमध्ये तिसरा साचा नाकारणाऱ्या विणकराजवळ यांतले काहीच नव्हते.