वसईच्या वाड्यांतून पायी जाताना

धरमपेठेत राहणाऱ्या माणसाने वसईविषयी लिहावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. नागपूर ते मुंबई हे अंतरच रेल्वेने आठशे किलोमीटरहून अधिक. वसई त्याच्याही पुढे. आमच्याकडे संत्र्यांचे बगीचे, तिकडे केळी आणि पानवेली. तरीही गेली काही वर्षे हिवाळा सुरू झाला की परिसरातील दहा-बारा तरुण मुलामुलींना सोबत घेऊन मी वसई गाठतो आणि किल्ल्यापासून पापडी, गिरीज, निर्मळ, नंदाखाल असे करीत आगाशीपर्यंत त्यांना दोन दिवसांत पायी नेतो. पोर्तुगीज अमदानीतील ग्रामीण मुलूख पायी हिंडून पाहता येईल, अशा ज्या थोड्या वाटा महाराष्ट्रात उरल्या आहेत, त्यांत ही मला सर्वांत बोलकी वाटते.

पहिल्या खेपेस मात्र माझे वाटाडेपण फसले होते. किल्ल्यात मी दोन तास बोललो. गव्हर्नर, कप्तान, मठ, बुरूज यांची नावे आणि सनावळ्या मुलांना ऐकवल्या. दुपारी गिरीजजवळ एका वाडीत पाणी मागण्यासाठी आम्ही थांबलो. वाडीच्या वृद्ध मालकांनी सहज विचारले, "आज काय पाहिलेत?" मुलांनी माझी सगळी यादी म्हणून दाखवली. बाबांनी ती शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाले, "किल्ला बांधणारे निघून गेले, हे ठाऊक आहे. पण या विहिरीवर रहाट हाकणारा कुठे गेला, ते सरांनी सांगितले का?" माझ्यापाशी उत्तर नव्हते. पुढच्या खेपांत मी ते शोधत राहिलो.

करेरीने पाहिलेली वसई

२३ डिसेंबर १५३४ रोजी गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने तह करून वसई आणि तिच्या अमलाखालचा मुलूख, साष्टी आणि मुंबईच्या बेटांसह, पोर्तुगिजांच्या स्वाधीन केला. उत्तरेकडून हुमायूनचे संकट उभे असताना त्याला समुद्रावरचा हा शत्रू मित्र करून घेणे भाग होते. पुढे दोनशेहून अधिक वर्षे वसई हे पोर्तुगिजांच्या उत्तर प्रांताचे मुख्य ठाणे होते. शंभराहून अधिक एकरांचा तटबंद किल्ला, त्यात फ्रान्सिस्कन, जेज्वीट आणि डॉमिनिकन संघांची चर्चे व मठ, सरदारांचे वाडे, इस्पितळ असे एक संपूर्ण शहर येथे नांदले. संत फ्रान्सिस झेवियर यांची पावलेही या शहराला लागली.

१६९५ साली नेपल्सचा प्रवासी जेमेल्ली करेरी वसईत आला. किल्ल्याबाहेरच्या कसबे भागाचे त्याने केलेले वर्णन वाचताना आजचा वाटसरूही मान डोलावतो. पंधरा मैलांपर्यंत नुसत्या बागाच बागा. त्यांत ताडमाड, आंबे आणि भरपूर ऊस. पाणी उपसण्याच्या साधनांमुळे बारमाही हिरवी राहिलेली जमीन, असे ते वर्णन आहे. तेथील थंडगार रस्त्यांवर फिरण्याच्या ओढीने शहरातील बड्या लोकांनी या भागात आरामघरे बांधली होती. उन्हाळ्यात ते तेथे जाऊन राहत आणि शहरातल्या साथीच्या रोगापासूनही बचाव करीत. म्हणजे वसईच्या वाड्यांतून फिरायला येण्याची हौस तीनशे वर्षांहून जुनी आहे!

परंतु करेरीचा तो परिच्छेद पुन्हा वाचला, तेव्हा एक उणीव खटकली. त्यात बाग आहे, सावली आहे, पाणी उपसण्याचे साधन आहे आणि सावलीत फिरणारा सरदारही आहे. ते साधन चालवणारा माणूस मात्र त्यात नाही.

रहाटामागची माणसे

वसईची वाडी कशी जगते, हे समजल्याशिवाय त्या माणसाचे मोल कळत नाही. हा किनारपट्टीचा भाग. पावसाचे पाणी जमिनीत मुरते आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर गोड्या पाण्याचा थर तरंगत राहतो. पाणी मुरावे म्हणून वाडीत बावखल राखायचे. बावखल म्हणजे पावसाचे पाणी साठवणारे व आसपासच्या विहिरींना पाझर देणारे लहानसे तळे. विहिरीवर रहाट. जनावर गोल फिरत राही, चाकावरची गाडगी भरून वर येत आणि पाणी पाटाने केळी, पानवेल, भाजीच्या वाफ्यांत जाई. रहाट पाणी थोडे थोडे उपसतो, त्यामुळे विहिरीला पुन्हा भरायला अवसर मिळतो. अधाशीपणे उपसले, तर खालचे खारे पाणी वर सरकते आणि वाडी कायमची नासते. हे शहाणपण लिस्बनहून जहाजातून आलेले नव्हते. ते येथल्या कष्टकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या अनुभवातून मिळवलेले होते.

पोर्तुगीज राजाने गावेच्या गावे सरदारांना आणि धार्मिक संघांना ठराविक खंडावर लावून दिली. जमिनीवर मालकाचे नाव बदलले, पण वाडीत राबणारे हात तेच राहिले. आज ज्यांना आपण सामवेदी, वाडवळ, कोळी म्हणून ओळखतो, त्यांच्या पूर्वजांचे ते हात. त्यांतील अनेकांनी ख्रिस्ताचा स्वीकार केला, अनेकांनी केला नाही. विहिरीचे पाणी सर्वांचे एकच होते.

पोर्तुगिजांनी काहीच दिले नाही, असे म्हणणेही अन्यायाचे होईल. मिरची, बटाटा, पपई, पेरू, अननस, काजू ही अमेरिकेची पिके त्यांच्या जहाजांतून आपल्याकडे आली. पाव, चावी, पगार, साबण, बिजागरी हे शब्द आपण धरमपेठेत रोज वापरतो, ते त्यांचेच. पण उत्साहाच्या भरात सर्वच श्रेय त्यांना देऊ नये. आमच्या 'संत्रा' या नावाचा संबंध काहींनी पोर्तुगालमधील सिंत्रा गावाशी जोडला होता. परंतु बाबराच्या आत्मचरित्रात 'संगतरा' या फळाचा उल्लेख येतो आणि बाबर तर १५३० सालीच मरण पावला. केळी, नारळ, ऊस आणि नागवेल ही वसईची मुख्य पिकेही पोर्तुगिजांच्या आधीपासून आपल्याकडे आहेत. आगाशीची सुकेळी मुलांच्या हातावर ठेवताना मी हे आवर्जून सांगतो.

सांगायला अवघड अशा जागा

या वाटेवर काही ठिकाणी वाटाड्याची परीक्षा होते. निर्मळला पवित्र क्रुसाचे चर्च आहे आणि जवळच शंकराचार्यांच्या समाधीचे प्राचीन तीर्थक्षेत्र आहे. कार्तिकात तेथे मोठी यात्रा भरते. पोर्तुगीज अमदानीत येथले देवस्थान मोडले गेले आणि मराठ्यांच्या काळात ते पुन्हा उभे राहिले. मी हे चर्चच्या अंगणातच मुलांना सांगतो. एका मुलीने विचारले, "सर, हे सांगताना तुम्हाला लाज नाही का वाटत?" मी म्हटले, "वाटते. म्हणूनच सांगतो."

दुसरी जागा किल्ल्यातली. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांच्या फौजेपुढे वसई शरण आली. वेढा भीषण होता आणि दोन्ही बाजूंची अपार प्राणहानी झाली. विजयानंतर येथल्या चर्चमधील घंटा मराठी मुलखात गेल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिरात, भीमाशंकरला, वाईजवळ मेणवलीला त्या आजही आहेत. त्याच वेळी, ज्यांना जायचे आहे त्यांनी आपली चीजवस्तू घेऊन जावे आणि जे राहतील त्यांनी आपला धर्म पाळावा, अशी मोकळीकही तहाने दिली. पराभूतांना विजेत्याने दिलेला हा शब्दही मुलांना कळायला हवा.

आणि तिसरी जागा संत गोन्सालो गार्सिया यांची. पोर्तुगीज पिता आणि कोकणातील माता यांचा हा वसईत जन्मलेला पुत्र प्रथम व्यापारी झाला, मग मनिला येथे फ्रान्सिस्कन बंधू झाला आणि दुभाषा म्हणून जपानला गेला. १५९७ च्या जानेवारीत क्योतोहून नागासाकीपर्यंत, ऐन थंडीत, कैद्यांच्या तांड्यासह त्यांना चालवत नेण्यात आले. ५ फेब्रुवारीस एकूण सव्वीस जणांना तेथे क्रुसावर मारले. १८६२ साली ते संत घोषित झाले. भारतात जन्मलेले ते पहिले संत. पाय दुखतात म्हणून कुरकुरणारी मुले ही हकिगत ऐकल्यावर निमूटपणे बूट बांधतात.

बाबांच्या प्रश्नाचे उत्तर

१७३९ नंतर सरदार, कप्तान आणि युरोपीय धर्मगुरू गेले. किल्ल्यातली चर्चे ओस पडली, छपरे ढासळली, भिंतींवर झाडे उगवली. मात्र पापडी, निर्मळ, नंदाखाल, आगाशी येथे श्रद्धेचा दिवा विझला नाही. रहाट हाकणारा माणूस कुठेही गेला नव्हता. त्याला जायला दुसरा देश नव्हता. ज्यांच्या राज्यात ही श्रद्धा आली, ते जहाजात बसून निघून गेले. ज्याने ती मराठी मातीत, आपल्या बोलीत आणि आपल्या सणावारांत जपली, तो वाडीतच राहिला. वसईच्या ख्रिस्ती समाजाला 'पोर्तुगिजांचे अवशेष' समजणाऱ्यांना, आणि कधीकधी स्वतःला तसे समजणाऱ्या आपल्याच मंडळींनाही, हा इतिहास पायी चालून दाखवावा लागतो.

पण बाबांच्या प्रश्नाची दुसरी बाजू आजची आहे. रहाट जाऊन विजेचे पंप आले. बांधकामे वाढली, टँकरसाठी विहिरींचा उपसा होऊ लागला, अनेक बावखले बुजली. १९८० च्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसईचे आंदोलन उभे राहिले, ते याच गोड्या पाण्यासाठी आणि हिरवळीसाठी. त्यात जातिधर्माचा भेद नव्हता. २००९ साली महानगरपालिका स्थापन झाल्यावर, आमची गावे तीतून वगळा म्हणून ग्रामस्थ पुन्हा रस्त्यावर उतरले. फादर दिब्रिटो २०२४ साली आपल्यातून गेले. दोन शतकांच्या परकी सत्तेने आणि एका घनघोर युद्धाने जे साधले नाही, ते एका खरेदीखताने साधते: रहाट हाकणाऱ्याचा वंशज वाडी सोडून जातो.

त्यामुळे आता मी क्रम बदलला आहे. आधी वाडी, मग बावखल, मग निर्मळ, आणि किल्ला सर्वांत शेवटी. आमची चाल आगाशीच्या चर्चपासून सुरू होते. हे चर्च संत याकोबाचे, आणि युरोपात याच संताच्या समाधीकडे पोर्तुगालच्या खेड्यापाड्यांतून आजही यात्रेकरू पायी जातात. तेथे छोटी प्रार्थना करून आम्ही दक्षिणेकडे निघतो. मुलांना दोनच नियम सांगतो: परवानगीशिवाय कोणाच्या वाडीत पाऊल टाकायचे नाही, आणि पाणी देणाऱ्या घराचे नाव वहीत लिहायचे.

गेल्या खेपेस गिरीजच्या त्या वाडीत पुन्हा गेलो. बाबा आता नाहीत. त्यांच्या सूनबाईंनी पाणी दिले. विहिरीचे पाणी अजून गोड आहे.