मकबऱ्याची जाळी आणि आपली स्लायडिंग खिडकी

आजचा विषय आहे खिडकी. मे महिन्यात दुपारी तीननंतर जिच्याजवळ बसवत नाही ती, पश्चिमेची.

बीबी का मकबरा आपण सगळ्यांनी पाहिलाय, शाळेच्या सहलीत नाहीतर पाहुणे आले म्हणून. तो १६६०च्या सुमारास बांधून झाला. दारावर अताउल्ला आणि हंसपत राय ही नावं कोरलेली आहेत, दुसरा इंजिनियर. (आपल्या अपार्टमेंटच्या गेटवर इंजिनियरचं नाव कोण लावतं? असो.) पुढच्या वेळी घुमट सोडा, संगमरवरी जाळ्या बघा. 'जुन्या काळचा एसी' म्हणून रील्स फिरतात, ते मला पटत नाही. जाळी हवा गार करत नाही, ती ऊन अडवते. दगडाला जाडी असते, त्यामुळे तिरपं ऊन भोकातच अडकतं. उजेड आणि वारा मात्र आत येतो.

आपल्याकडे उलटं. ऊन काचेतून आत येतं, पडदा तापतो, आणि ती उष्णता खोलीतच राहते. पांढरा पडदा थोडं ऊन परतवतो, पण गडद रंगाचा जाड पडदा म्हणजे खोलीत टांगलेला हीटरच.

मुघलांकडे आणखी एक उपाय होता, वाळ्याचे पडदे. अबुल फजलच्या 'आईने अकबरी'त वाळ्याचा हा वापर येतो. त्यावर पाणी शिंपडायचं, वारा गार होऊन आत. आपला कूलर त्याच घराण्यातला! पण त्याला पाणी लागतं. तेव्हा हे नहरींचं शहर होतं. मलिक अंबरने सतराव्या शतकात नहर आणली, आणि पाणचक्कीत तर हौदाच्या खालीच दालन आहे, म्हणजे छतावर पाणी. आज नळाला कित्येक दिवसांनी एकदा पाणी येतं. पडदे भिजवायला ते आणायचं कुठून? म्हणून मला कोरडी जाळीच जास्त कामाची वाटते.

आता थोडी भूमिती. आपलं शहर साधारण १९.९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. १९-२० मेच्या सुमारास इथे शून्य सावली दिवस असतो, सूर्य बरोबर डोक्यावर. त्यामुळे त्या दिवसांत दक्षिणेच्या खिडकीला छोटासा छज्जाही पुरतो. पश्चिमेला मात्र सूर्य खाली उतरून थेट समोरून येतो, तिथे छज्जा काय करणार? तिथे उभा आडोसाच हवा. बांबूचा चिकाचा पडदा किंवा हिरवी शेडनेट, काचेच्या बाहेर, ग्रिलला बांधलेली. भाड्याच्या घरातही चालतं, भिंतीला भोक पाडावं लागत नाही. सोसायटीवाले 'एलिव्हेशन बिघडतं' म्हणतील, तर त्यांना एकदा चार वाजता घरी चहाला बोलवा.

दुपारी एकला सोडायचा, सूर्य मावळला की गुंडाळून खिडकी उघडायची.