खटक्याचा इतिहास

मे महिन्यात यवतमाळचा माणूस एकवेळ जेवणावाचून राहील, पण कूलरवाचून राहायचा नाही. नेमका त्याच महिन्यात आमच्या घरचा एमसीबी रुसला. कूलर लावला की खट्! वर करावा, पुन्हा खट्! "अहो, पुन्हा पडला!" ही आरोळी ऐकून मी दिवसातून दहादा स्टुलावर चढत होतो. शेवटी वायरमनला बोलावून हुकूम सोडला, "हा काढ आणि याहून मोठा बसव."

ही अक्कल वडिलोपार्जित आहे. एडिसनने १८९० साली फ्यूजचं पेटंट घेतलं. प्रवाह मर्यादेबाहेर गेला की बारीक तार वितळावी आणि घर वाचावं, एवढाच त्याचा हेतू. आमच्या वडिलांनी त्यावर तोड काढली. चिनी मातीच्या फ्यूजमधली तार वरचेवर जळते म्हणताच त्यांनी जाड तांब्याची तार घातली. फ्यूज पुन्हा कधी गेला नाही. गेलं ते लाकडी पट्टीवरचं सगळं वायरिंग!

पुढे १९२४ साली जर्मनीतल्या मानहाइमच्या ह्यूगो श्टोट्झने पुन्हा वर करता येणाऱ्या खटक्याचं पेटंट घेतलं. आत दोन पहारेकरी. भार वाढला की दोन धातूंची पट्टी तापून सावकाश वाकते. शॉर्ट झालं की चुंबक तत्काळ खटका पाडतं. तारच नाही, तेव्हा वडिलांसारख्यांना वाव नाही, असं बिचाऱ्याला वाटलं असावं. मोठा एमसीबी मागणारा मुलगा काही त्याच्या ध्यानी आला नाही.

वायरमन हसला. "काकाजी, यानं काय घोडं मारलं? हा त सांगून रायला." त्यानं घरातले सगळे प्लग काढले, खटका वर केला. टिकला. मग एकेक वस्तू लावत गेला. फ्रिज ठीक. टीव्ही ठीक. कूलरचा पंखाही ठीक. पंपाचं बटण दाबलं आणि खट्!

पंपाची वायर पत्र्याच्या कडेला घासून उघडी पडली होती आणि कूलरच्या अंगाला टेकली होती. अर्थिंग धड होतं म्हणून खटका तरी पडत होता. आमची नात दुपारभर त्याच ओल्या पत्र्याला गाल लावून बसते.

मी मुकाट्यानं आत चहा सांगितला.

वायर नवी आली; एमसीबी तोच आहे. आता तो पडला की मी स्टूल शोधत नाही. आधी नातीला हाक मारतो.