भाषा शिकायला परदेशी धाडलेली मुलं : कँटन ते हार्टफर्ड



आजचा विषय वरवर पाहिला तर सुट्टीतल्या सहलीचा आहे. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांना चीनला किंवा तैवानला न्यायचं, काही आठवडे तिथल्या कुटुंबात ठेवायचं. सकाळी वर्गात चिनी भाषेचे सूर घोटून घ्यायचे, दुपारी ब्रशनं अक्षरं गिरवायची, संध्याकाळी बाजारात सोडायचं आणि सांगायचं, आता भाव करून दाखव. असे कार्यक्रम आज जगभर चालतात आणि मुलं तिथून खरोखर बोलायला शिकून येतात. पण ही कल्पना नवी नाही. तिला किमान पावणेतीनशे वर्षांचा इतिहास आहे आणि तो सहलीसारखा अजिबात नाही.

हा इतिहास बघताना तीन प्रश्न हाताशी ठेवू. मुलाला पाठवतो कोण? त्यातून पाठवणाऱ्याला काय हवं असतं? आणि तिसरा, जो सहसा कुणी विचारत नाही : जो शिकवतो, त्याचं पुढं काय होतं?

पहिला मुलगा जेम्स फ्लिंट. इंग्रज. 1736 च्या सुमारास एका जहाजाच्या कप्तानानं त्याला चीनच्या किनाऱ्यावर ठेवलं, भाषा शिकण्यासाठी. वर्ग नाही, अभ्यासक्रम नाही. माणसांत राहा आणि शीक. आता मुलगाच का? कारण साधं आहे. व्यापारी हंगामापुरता यायचा, चहा आणि रेशीम भरून परत जायचा. कँटनच्या धक्क्यावरचा व्यवहार पिजिन इंग्रजीत चालायचा, म्हणजे चिनी धाटणीवर बसवलेली मोडकीतोडकी इंग्रजी. आपल्या मुंबईहून कापूस आणि पुढे अफू घेऊन जाणाऱ्या पारशी व्यापाऱ्यांचंही याच धक्क्यावर चालायचं. जमशेटजी जीजीभॉय पहिल्यांदा चीनच्या सफरीवर गेले ते 1799 मध्ये, वय साधारण सोळा. तिथं जायचं आणि नफा कमवायचा तर चिनी यायलाच हवं असं नव्हतं. पण तक्रार करायची असेल, दरबारात अर्ज द्यायचा असेल, तर पिजिन कामाची नाही. तिथं लिहिता येणारा माणूस लागतो, आणि असा माणूस घडायला वर्षं लागतात. म्हणून मुलगा.

फ्लिंट मोठा झाला, ईस्ट इंडिया कंपनीचा दुभाषा झाला. कंपनीला कँटनमधल्या जकात अधिकाऱ्यांचा जाच होत होता, म्हणून तिनं उत्तरेच्या निंगपो बंदरात व्यापार करून पाहिला. छ्येनलुंग बादशहानं 1757 मध्ये युरोपियनांचा व्यापार एकट्या कँटनपुरता मर्यादित केला. मग 1759 मध्ये कंपनीनं फ्लिंटला उत्तरेकडे पाठवलं. निंगपोला त्याला उतरू दिलं नाही, तेव्हा तो सरळ थ्येनचिनपर्यंत गेला. थ्येनचिन म्हणजे जवळपास राजधानीचा उंबरठा. तिथं त्यानं चिनी भाषेत लिहिलेला तक्रारअर्ज दिला.

आता काय झालं बघा. अर्ज बादशहापर्यंत पोचला. चौकशी झाली. तक्रारीत तथ्य आढळलं आणि कँटनच्या जकात अधीक्षकाला पदावरून काढण्यात आलं. म्हणजे भाषा कामी आली! पण परकीयानं नेमून दिलेली वाट सोडून थेट दरबाराकडे जावं, हा वेगळा गुन्हा होता. फ्लिंटला मकावमध्ये तीन वर्षं कैदेत ठेवलं आणि 1762 मध्ये देशाबाहेर काढलं. आणि ज्या चिनी माणसानं त्याला अर्ज लिहायला मदत केली त्या ल्यू याप्येनचा शिरच्छेद झाला.

फ्लिंट इंग्लंडला परतला. पुढं बेंजामिन फ्रँकलिननं 1770 मध्ये एका मित्राला पत्र लिहिलं, त्यात चिनी लोक सोयाबीनपासून टोफू कसा करतात याची माहिती आहे, आणि ती फ्लिंटकडून मिळालेली. एकाच शिक्षणातून आलेल्या या दोन गोष्टी शेजारी ठेवून बघा. शिकणारा घरी जाऊन टोफूची कृती सांगतो आहे. ल्यू याप्येनला जाऊन तोवर दहा वर्षं होऊन गेली होती.

या प्रकरणानंतर कँटनमध्ये परकीयाला चिनी शिकवणं ही जोखीम झाली. शिकवणारे होते, पण लपूनछपून. आणि म्हणून 1792 मध्ये ब्रिटिश सरकारनं लॉर्ड मॅकार्टनीला वकील म्हणून चीनला पाठवायचं ठरवलं, तेव्हा दुभाषा कुठून आणला? कँटनहून नाही, लंडनहूनही नाही. इटलीतल्या नेपल्सहून.

नेपल्सला कसा? तिथं मात्तेओ रिपा नावाच्या धर्मगुरूनं 1732 मध्ये चिनी मुलांसाठी विद्यालय काढलं होतं. रिपा खांगशी बादशहाच्या दरबारात चित्रकार होता. परत येताना चार चिनी मुलं बरोबर घेऊन आला. हेतू धर्मप्रसाराचा : मुलांना लॅटिन शिकवायचं, पाद्री करायचं आणि चीनला परत धाडायचं. या विद्यालयात 1773 मध्ये ली त्झप्याव नावाचा तेरा वर्षांचा मुलगा आला. वायव्य चीनच्या कान्सू प्रांतातला. वीस वर्षं तो युरोपात राहिला. म्हणजे भाषेत बुडवून काढणं काय असतं ते उलट्या दिशेनं बघायचं असेल, तर हा मुलगा बघावा.

मॅकार्टनीच्या ताफ्यात ली दुभाषा म्हणून निघाला. बरोबर नेपल्सचाच आणखी एक दुभाषा होता. चीनचा किनारा आल्यावर तो घाबरला आणि मकावला उतरून गेला. त्याची भीती अवाजवी म्हणता येत नाही. ली मात्र राहिला. अंगावर इंग्रजी पोशाख आणि नाव घेतलं मिस्टर प्लम. ‘ली’ म्हणजे आलुबुखार, त्याचंच इंग्रजी. पकडला गेला असता तर मरण होतं.

याच जहाजावर आणखी एक मुलगा होता. जॉर्ज थॉमस स्टाँटन, मॅकार्टनीच्या दुय्यमाचा मुलगा, वय अकरा. कागदोपत्री मॅकार्टनीचा बालसेवक. जवळपास वर्षभराच्या प्रवासात बापानं त्याला जहाजावरच्या चिनी धर्मगुरूंच्या स्वाधीन केलं. जहाज हाच त्याचा वर्ग. चीनला पोचेपर्यंत त्याला थोडं बोलता येत होतं आणि अक्षरं बऱ्यापैकी लिहिता येत होती.

आणि याचा उपयोग कुठं झाला, ते ऐका. बादशहापुढं मॅकार्टनीनं लोटांगण घालायचं की नाही यावर वाद चालला होता. त्याबद्दल चिनी भाषेत एक लेखी निवेदन द्यायचं होतं. मजकूर चिनीत करून देणारा मिळाला. पण आपलं हस्ताक्षर त्या कागदावर जाऊ द्यायला तो तयार होईना. अक्षर ओळखलं गेलं तर? शेवटी त्या बारा वर्षांच्या मुलानं तो कागद नकलून काढला आणि मूळ मसुदा नष्ट केला. ल्यू याप्येनला तेव्हा तीस वर्षं उलटून गेली होती, पण भीती तीच होती.

14 सप्टेंबर 1793 रोजी छंगदला बादशहाची भेट झाली. या परकीयांत चिनी बोलणारा कुणी आहे का, असं बादशहानं विचारलं तेव्हा हा मुलगा पुढं झाला. म्हातारा बादशहा खूश झाला. कमरेचा सुपारीचा पिवळा बटवा सोडून त्यानं मुलाच्या हातात दिला. राजानं अंगावरची वस्तू काढून देणं म्हणजे काय, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

पुढं काय झालं? स्टाँटन मोठा होऊन कंपनीच्या नोकरीत कँटनला गेला. 1810 मध्ये त्यानं छिंग राजवटीच्या दंडसंहितेचं इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केलं, ते मोठं काम आहे. रॉयल एशियाटिक सोसायटीच्या स्थापनेत त्याचा वाटा होता. आणि 7 एप्रिल 1840 रोजी, ब्रिटिश संसदेत अफूच्या युद्धावर चर्चा चालू असताना, हाच स्टाँटन खासदार म्हणून उठला आणि त्यानं युद्धाच्या बाजूनं भाषण केलं. बटवा घेणारा मुलगा तो हाच. लोक म्हणतात, भाषा शिकली की माणसं जवळ येतात. येतात, नाही असं नाही. पण भाषा कुणाच्या पगारावर शिकली, तेही मधे येतं. ली मात्र वकिलातीबरोबर परतला नाही. तो चीनमध्येच राहिला आणि उरलेलं आयुष्य त्यानं शान्शी प्रांतात छुपेपणानं धर्मकार्य करत काढलं.

आता उलटी बाजू. 1872 ते 1875 या चार वर्षांत छिंग सरकारनं दरवर्षी तीस, अशी एकूण 120 मुलं अमेरिकेला पाठवली. बहुतेक दहा ते सोळा वर्षांची. कल्पना युंग विंगची, जो 1854 मध्ये येल विद्यापीठातून पदवीधर झाला होता. केंद्र हार्टफर्ड, कनेक्टिकट. मुलांना दोन-दोन, तीन-तीन करून अमेरिकन कुटुंबांत ठेवलं. आज जिला आपण ‘होमस्टे’ म्हणतो, तीच पद्धत. मुदत पंधरा वर्षांची ठरलेली.

मुलं भाषा शिकली, बेसबॉल खेळायला लागली, काही चर्चमध्ये जायला लागली, काहींनी वेण्या कापल्या. आणि वेणी कापणं म्हणजे राजद्रोह. देखरेखीला आलेल्या अधिकाऱ्यानं पेकिंगला कळवलं की ही मुलं हातची चालली. तिकडं अमेरिकेनंही चिनी मुलांना लष्करी विद्यालयांत घ्यायचं नाकारलं. 1881 मध्ये मुलांना परत बोलावलं. बहुतेकांचं शिक्षण अर्धवट राहिलं. शांघायला उतरल्यावर स्वागत नाही, पहारा! तरी यातूनच चान थ्येनयौ निघाला, ज्याच्या हाताखाली पेकिंग-चांगच्याखौ रेल्वे 1909 मध्ये पूर्ण झाली. यातूनच थांग शाओयी निघाला, 1912 मध्ये प्रजासत्ताकाचा पहिला पंतप्रधान. आणि यातलेच काही 1884 मध्ये फूचौच्या लढाईत फ्रेंच तोफांनी मेले.

इथं एक गोष्ट लक्षात घ्या. सरकारला मुलांकडून फक्त भाषा आणि तंत्र हवं होतं. मुलं मात्र ज्या घरात जेवली, त्या घराची थोडीफार झाली. भाषेत बुडवायचं आणि माणूस कोरडा बाहेर काढायचा, हे होत नाही.

आणि आज? तैवाननं 1967 पासून परदेशस्थ चिनी कुटुंबांतल्या तरुणांसाठी उन्हाळी दौरे चालवले. मुलांनी भाषा शिकावी हा हेतू होताच, पण खरा चीन कोणता या वादात ती आपल्या बाजूला राहावीत हाही होता. अमेरिकेनं 2006 मध्ये शाळकरी मुलांना चिनी, अरबी अशा भाषांसाठी परदेशी पाठवणारी योजना सुरू केली, तिच्या नावातच ‘राष्ट्रीय सुरक्षा’ आहे. आणि नोव्हेंबर 2023 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला शी जिनपिंग यांनी जाहीर केलं, पाच वर्षांत 50,000 तरुण अमेरिकनांना चीनमध्ये बोलावू. प्रत्येक वेळी तिकिटामागं कुणीतरी उभं आहेच.

याचा अर्थ मुलांना पाठवू नये असा मी काढत नाही. उलट, या वयात भाषा जशी बसते तशी पुढं बसत नाही, हे ली आणि स्टाँटन दोघांकडे बघून पटतं. माझं म्हणणं एवढंच की आपला मुलगा किंवा मुलगी अशा कार्यक्रमाला निघाली, तर सुरुवातीचे तीन प्रश्न तिला सोबत द्या. पहिल्या दोनांची उत्तरं माहितीपत्रकात शोधली तर सापडतात. तिसऱ्याचं सापडत नाही. म्हणून तिला सांगा, ज्या घरात राहशील त्यांची, जी बाई रोज तुझे सूर सुधारेल तिची नावं नीट लिहायला शीक, आणि आपल्या बोलण्यापायी त्यांना त्रास होईल असं काही करू नकोस. ल्यू याप्येनबद्दल आपल्याला नाव आणि शिक्षा यापलीकडे फारसं काही सांगता येत नाही. त्याच्या शिष्याचं चरित्र मात्र आपण आत्ता दहा मिनिटं ऐकलं.

इथं थांबतो. आता प्रश्न घेऊ.