हुंडेकरी, बिल्टी आणि वाहक : मालवाहतुकीच्या परिभाषेचा ऐतिहासिक अभ्यास
(विशेष संदर्भ : कंधार, नांदेड व लातूर परिसर)

प्रस्तावना :

राष्ट्रकूटकालीन कंधारपूर, जगत्तुंग सागर आणि भुईकोट किल्ला यांमुळे कंधारचे नाव इतिहासाच्या अभ्यासकांना सुपरिचित आहे. या गावापर्यंत रेल्वे मात्र कधीच पोचली नाही. येथील कापूस, तूर व सोयाबीन आजही रस्त्यानेच नांदेड-लातूरच्या बाजारपेठांकडे जातात. ट्रकमध्ये माल भरला की माल पाठविणाऱ्याच्या हाती एक कागद पडतो. त्याला सर्वत्र 'बिल्टी' म्हणतात. त्यावर 'कन्सायनर', 'कन्सायनी', 'टू पे', 'ओनर्स रिस्क' असे शब्द छापलेले असतात. वाटेत माल भिजला, हरवला वा कमी भरला, तर नुकसान कोणाचे, हे याच शब्दांवर अवलंबून असते. परंतु सही करणाऱ्यास त्यांचा अर्थ ठाऊक असतोच असे नाही.

हे शब्द युरोपातील, विशेषतः इंग्लंडमधील व्यापार व कायद्याच्या परंपरेतून आपल्याकडे आले. त्यामुळे मालवाहतुकीची परिभाषा ही मुळातच परकीय आहे, अशी एक समजूत रूढ झालेली दिसते. ती कितपत खरी आहे, हे तपासण्याचा प्रयत्न प्रस्तुत शोधनिबंधात केला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१) मराठवाड्याच्या संदर्भात मालवाहतुकीच्या जुन्या मराठी संज्ञांचा अर्थ शोधणे.
२) रेल्वेच्या आगमनानंतर या परिभाषेत झालेले बदल पाहणे.
३) युरोपीय रस्ते-वाहतुकीतील प्रमुख संज्ञांशी त्यांची तुलना करून आजच्या व्यवहारातील त्यांची उपयुक्तता तपासणे.

अभ्यासपद्धती :

प्रस्तुत निबंधासाठी ऐतिहासिक व तुलनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. जुने कोश, प्रवासवर्णने, कायदे आणि बाजारपेठेतील प्रचलित शब्द हा त्याचा आधार आहे. प्रत्येक संज्ञेला तीनच प्रश्न विचारले आहेत. भाडे व कर कोणी द्यायचा? वाटेतील नुकसान कोणी सोसायचे? आणि माल सुपूर्द झाला असे केव्हा मानायचे? वाहतुकीची कोणतीही परिभाषा अखेर या तीन प्रश्नांची उत्तरे देण्यासाठीच निर्माण होते, हे या निबंधाचे गृहीतक होय.

१. तांडा, गोणी आणि रसद :

रेल्वेपूर्व काळात दख्खनच्या पठारावरील धान्य व मीठ यांची दूरची वाहतूक प्रामुख्याने बंजारा समाजाच्या हाती होती. 'लमाण' या नावाचा संबंध 'लवण' म्हणजे मीठ या शब्दाशी जोडला जातो, तर 'बंजारा' या नावाचा 'वाणिज्य' शब्दाशी. पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाने १६३२ मध्ये चौदा हजार बैलांचा एक तांडा पाहिल्याची नोंद केली आहे. फ्रेंच प्रवासी ताव्हेर्निए यानेही दहा-बारा हजार बैलांच्या तांड्यांचे वर्णन केले आहे. दख्खनच्या मोहिमांत मोगल सैन्याला धान्य पुरविण्याचे काम हे तांडे करीत. १८०३ च्या दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धात, ज्यात मराठवाड्याच्या भूमीवर असईची लढाई झाली, आर्थर वेलस्लीच्या सैन्याची भिस्तही बऱ्याच अंशी बंजाऱ्यांच्या बैलांवर होती.

या व्यवस्थेची परिभाषा नेमकी होती. 'नाईक' हा तांड्याचा प्रमुख. व्यापाऱ्याने वा सरकारने ठराव करायचा तो त्याच्याशी. 'गोणी' हे बैलाच्या पाठीवरील भाराचे साधन. इंग्रजीतील 'गनी' हा शब्द याच शब्दापासून गेला. 'मजल' म्हणजे एका दिवसात कापायचे अंतर, 'मुक्काम' म्हणजे विश्रांतीचे ठिकाण, 'खेप' म्हणजे मालासह केलेली एक फेरी. 'रसद' हा फारसीतून आलेला शब्द सैन्याच्या पुरवठ्याचा वाचक होता. आज ज्याला 'लॉजिस्टिक्स' म्हणतात, त्या शब्दाचा प्रसारही युरोपात लष्करी संदर्भातच झाला. जोमिनी याने १८३८ च्या आपल्या युद्धशास्त्रावरील ग्रंथात या संज्ञेला महत्त्वाचे स्थान दिले. म्हणजे 'रसद' आणि 'लॉजिस्टिक्स' हे दोन्ही शब्द छावणीतून बाजारात आले आहेत.

येथे एका शब्दाच्या अर्थांतराची नोंद घेणे आवश्यक आहे. 'तांडा' म्हणजे मूळचा चालता काफिला. रेल्वे व पक्के रस्ते आल्यानंतर बैलांवरील वाहतूक बसली, आणि नांदेड जिल्ह्यात आज 'तांडा' म्हणजे बंजारा समाजाची स्थिर वस्ती होय. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने भटक्या समूहांकडे संशयाने पाहण्याच्या वृत्तीला कायद्याचे रूप दिले. एकेकाळी सैन्याचे व शहरांचे अन्न वाहून नेणारा हा समाज आज महाराष्ट्रात विमुक्त जातींच्या यादीत आहे. शब्दाचा अर्थ बदलला, त्यामागे एका समाजाचा व्यवसाय आणि प्रतिष्ठा गेल्याचा इतिहास आहे. कंधारलगतच्या लोहा तालुक्यातील माळेगावच्या खंडोबा यात्रेत भरणारा जनावरांचा मोठा बाजार त्या जुन्या व्यवस्थेची आठवण आजही करून देतो.

२. हुंडेकरी : एका शब्दातील करार :

राज्यव्यवहारात परिभाषा नेमकी असावी, ही जाणीव मराठी परंपरेत जुनी आहे. शिवकालीन 'राजव्यवहारकोशा'त पण्यवर्ग, म्हणजे व्यापारविषयक शब्दांचा स्वतंत्र विभाग आहे. वाहतुकीच्या संदर्भात या परंपरेतील सर्वांत महत्त्वाचा शब्द 'हुंडेकरी' हा होय.

'हुंडा' या शब्दाचा येथील अर्थ एकरकमी, घाऊक ठराव असा आहे. पूर्वी माल नेताना वाटेत ठिकठिकाणी जकात द्यावी लागे. मार्गावरील कराला 'राहदारी' म्हणत, तर निजामाच्या राज्यात सीमाशुल्काचे खाते 'करोडगिरी' या नावाने ओळखले जाई. नाकी अनेक आणि दर निरनिराळे असल्याने प्रत्येक व्यापाऱ्याने स्वतः प्रत्येक नाक्यावर हुज्जत घालणे शक्य नव्हते. म्हणून तो हुंडेकऱ्याकडे माल सोपवी. ठरलेल्या एका रकमेत वाहतूक, वाटेतील जकात आणि मुक्कामी पोच या सर्वांची जबाबदारी हुंडेकरी पत्करी. अशा भाड्यास 'हुंडाभाडे' म्हणत.

पॅरिस येथील आंतरराष्ट्रीय व्यापार मंडळाने १९३६ मध्ये 'इन्कोटर्म्स' या नावाने व्यापारी अटींचा पहिला संच प्रसिद्ध केला. त्याच्या आजच्या आवृत्तीत 'डिलिव्हर्ड ड्यूटी पेड' अशी एक अट आहे. तीनुसार माल पोचविणे व आयातकर भरणे या दोन्ही गोष्टी विक्रेत्याकडे राहतात. हुंडाभाड्यात हाच भार विक्रेत्याऐवजी वाहतूकदार उचलतो. या दोहोंत पक्ष वेगळे आहेत. परंतु 'कर धरून, दारापर्यंत, एका रकमेत' ही कल्पना एकच आहे. युरोपात 'फ्रेट फॉरवर्डर' म्हणून ओळखला जाणारा मध्यस्थ हा हुंडेकऱ्याचा अधिक जवळचा व्यावसायिक नातलग मानता येईल.

नुकसानीच्या प्रश्नालाही जुन्या परिभाषेत उत्तर होते. 'विमा' हा शब्द मराठीत इंग्रजी विमा कंपन्यांच्या आधीपासून आहे. 'जोखमी हुंडी' ही तर विशेष लक्षणीय होय. माल सुखरूप पोचला तरच तिची रक्कम देय होई. वाटेत माल बुडाला तर पैसे मागता येत नसत. सागरी व्यापारात प्रचलित असलेल्या या हुंडीत कर्ज आणि विमा हे दोन्ही व्यवहार एकाच कागदावर होत. जोखीम कोणाची, हे कागदाच्या नावातच सांगितलेले असे.

३. रेल्वे आणि बिल्टी :

विसाव्या शतकाच्या आरंभी मनमाड ते सिकंदराबाद या हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वेने नांदेड जोडले गेले. लातूरला १९११ मध्ये बार्शी लाईट रेल्वे पोचली. तिचा मार्ग अवघा अडीच फूट रुंदीचा असल्याने कुर्डुवाडी येथे माल एका डब्यातून उतरवून दुसऱ्या डब्यात भरावा लागे. तेथे माल फुटला वा कमी भरला तर दोष कोणत्या रेल्वेचा, हा प्रश्न स्वाभाविकच होता. युरोपीय कायद्यात यासाठी 'क्रमिक वाहक' अशी स्वतंत्र संकल्पना आहे. लातूरचा मार्ग पुढे रुंद झाला, आणि एप्रिल २०१६ च्या दुष्काळात मिरजेहून लातूरला पाणी घेऊन आलेली रेल्वे कुर्डुवाडी मार्गे थेट येऊ शकली.

रेल्वेने परिभाषेत एक मूलभूत बदल घडविला. तांड्याच्या नाईकाशी वा हुंडेकऱ्याशी होणारा ठराव ओळखीवर आणि शब्दावर उभा होता. रेल्वेने त्याजागी छापील पावती आणली. ही पावती ज्याच्या हाती, त्याचा मालावर हक्क. १९३० च्या मालविक्री कायद्याने रेल्वे पावतीला मालकी हक्काच्या दस्तऐवजांत स्थान दिले. त्यामुळे व्यापारी ती पावती पेढीकडे वा बँकेकडे ठेवून उचल घेऊ लागला आणि घेणारा पैसे भरून 'बिल्टी सोडवू' लागला. हा वाक्प्रयोग बाजारात आजही जिवंत आहे. हुंडेकरीही नाहीसा झाला नाही; रेल्वेच्या मालधक्क्यावरून माल सोडवून दुकानापर्यंत पोचविणाऱ्यास हेच नाव मिळाले. मात्र पूर्वीची सर्वंकष जबाबदारी आता त्याच्याकडे उरली नाही. करार छापील झाला, आणि त्याची भाषा इंग्रजी झाली.

४. युरोपीय रस्ते-वाहतुकीची परिभाषा :

दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपात एका देशातून दुसऱ्या देशात जाणाऱ्या ट्रकची संख्या वाढली आणि प्रत्येक देशाचा कायदा वेगळा असल्याची अडचण जाणवू लागली. १९ मे १९५६ रोजी जिनिव्हा येथे झालेला 'सीएमआर' करार हे तिचे उत्तर होते. हे त्याच्या फ्रेंच नावाचे संक्षिप्त रूप होय. या करारानुसार वाहतुकीच्या पत्राच्या तीन मूळ प्रती असतात. पहिली पाठविणाऱ्याकडे राहते, दुसरी मालासोबत जाते आणि तिसरी वाहकाकडे राहते. माल ताब्यात घेतल्यापासून सुपूर्द करेपर्यंतच्या नुकसानीस सामान्यतः वाहक जबाबदार असतो. नुकसान वरून दिसत नसेल, तर सात दिवसांत लेखी हरकत नोंदवावी लागते. हे पत्र आपल्या रेल्वे पावतीप्रमाणे मालकी हक्काचा दस्तऐवज मात्र नाही.

इतर संज्ञांचे थोडक्यात स्पष्टीकरण पुढीलप्रमाणे करता येईल. 'ग्रुपेज' म्हणजे अनेकांचा फुटकळ माल एका वाहनात एकत्र भरणे. 'बॅकलोड' म्हणजे परतीची खेप. 'कॅबोटाज' म्हणजे एका देशाच्या वाहनाने दुसऱ्या देशाच्या हद्दीतील दोन ठिकाणांमध्ये माल वाहणे. 'टीआयआर' म्हणजे वाटेतील प्रत्येक सीमेवर कर न भरता मोहोरबंद वाहन पुढे नेण्याची व्यवस्था. १९७५ च्या या करारात भारत २०१७ मध्ये सामील झाला. राहदारीची नाकी चुकविण्यासाठी हुंडेकऱ्याची गरज भासणाऱ्या व्यापाऱ्याला टीआयआरचा हेतू समजावून सांगावा लागला नसता. चालकाने साडेचार तास वाहन चालविल्यानंतर पंचेचाळीस मिनिटे थांबलेच पाहिजे, हा युरोपीय संघाचा नियमही 'मजल' आणि 'मुक्काम' या जुन्या शिस्तीचेच कायदेशीर रूप म्हणता येईल.

५. आजचा व्यवहार :

ब्रिटिश हिंदुस्थानातील १८६५ च्या वाहक कायद्याची जागा २००७ च्या रस्ते-वाहतूक कायद्याने घेतली. तो २०११ पासून अमलात आला. त्यानुसार पाठविणाऱ्याने मालाच्या तपशिलाचे पत्र द्यायचे आणि वाहकाने तीन प्रतींत पावती करून मूळ प्रत पाठविणाऱ्यास द्यायची असते. सीएमआरशी याचे साम्य स्पष्ट आहे. 'ओनर्स रिस्क' म्हणजे 'जोखीम मालधन्याची' असे छापले की वाहक मोकळा झाला, ही समजूतही चुकीची आहे. जुन्या कायद्याच्या संदर्भात सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्येच स्पष्ट केले होते की, अशा शब्दांनी वाहकाची निष्काळजीपणाबद्दलची जबाबदारी संपत नाही. तथापि, ज्याला त्या दोन शब्दांचा अर्थच माहीत नाही, तो त्यांना आव्हान कसे देणार?

परिभाषेतील संदिग्धतेचा भार चालकावरही पडतो. माल चढविणे-उतरविणे व रचणे यांसाठी घेतल्या जाणाऱ्या 'वाराई'चा वाद महाराष्ट्रात प्रदीर्घ काळ चालला. 'ज्याचा माल त्याचा हमाल' ही ट्रकमालकांची मागणी म्हणजे 'भरण्या-उतरविण्याचा खर्च कोणाचा' या प्रश्नाचे सुबोध मराठीत दिलेले उत्तर होय. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला. त्यापाठोपाठ ई-वे बिल आले. नाकी गेली, पण चालकाजवळील कागद तपासण्याची प्रथा राहिली. कागदात चूक असेल तर ती करणारा कोणीही असो, गाडी थांबते ती चालकाची.

निष्कर्ष :

१) मालवाहतुकीची परिभाषा पूर्णतः परकीय आहे, हे मत स्वीकारता येत नाही. भाडे, कर, जोखीम व पोच या चारही बाबींसाठी मराठीत स्वतंत्र व नेमके शब्द होते.

२) जुनी व्यवस्था आदर्श होती, असे मात्र नव्हे. ती ओळखीवर अवलंबून होती आणि जाचक करांतून निर्माण झाली होती. छापील पावतीने दुबळ्या पक्षाला न्यायालयात दाखविण्याजोगा पुरावा दिला, हा तिचा लाभ नाकारता येत नाही.

३) तोटा झाला तो भाषेचा. 'हुंडाभाडे' म्हटल्यावर दोन्ही पक्षांना अर्थ कळत असे. 'ओनर्स रिस्क' म्हटल्यावर तो बहुधा छापणाऱ्यालाच कळतो.

४) बिल्टीवरील प्रमुख अटी मराठीत छापल्या जाव्यात आणि वाणिज्य व इतिहास या दोन्ही विषयांच्या अध्यापनात या शब्दांचा समावेश व्हावा. इन्कोटर्म्स शिकविताना हुंडेकऱ्याचे उदाहरण दिल्यास ग्रामीण विद्यार्थ्याला ती संकल्पना दूरची वाटणार नाही. आणि ज्या विद्यार्थ्याचे घर आज एखाद्या तांड्यावर आहे, त्याला आपल्या वस्तीचे नाव वाहतुकीच्या इतिहासातील एक संज्ञा आहे, हे वर्गातच कळू शकेल.